गोलरक्षक ‘वोय’ म्हणाला

सतरा जुलैच्या सामन्यात एकोणसाठाव्या मिनिटाला विल्मार एचेबार्नेने जो चेंडू सोडून दिला, तो सोडून देण्यासारखा नव्हता, याबद्दल फिनलंडमधल्या कल्लिओलाहती गावात दुमत नव्हते. चेंडू उंच होता, वेग माफक होता, वारा नव्हता आणि सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी चार मीटरवर होता. विल्मारने मान वर केली, दोन पावले मागे घेतली, उडीसाठी गुडघे वाकवले. आणि मग दारातून कुणी आत येत असावे आणि आपण वाट द्यावी, तसा तो बाजूला झाला. मागून गोलरक्षक येणार होता. गोलरक्षक आला नाही. चेंडूने एक टप्पा घेतला आणि घाई नसल्यासारखा जाळ्यात गेला.

“तू ओरडलास,” विल्मार म्हणाला.

“मी तोंडही उघडलं नाही,” तार्मो म्हणाला. तार्मो हुहताला पंचवीस वर्षांचा होता आणि गोलरेषेजवळ एका गुडघ्यावर बसला होता. निघतानाच त्याचा पाय घसरला होता.

“मी ऐकलं.”

“काय ऐकलंस? ‘कीपर’ असं म्हणालो मी?”

संघात पाच देशांचे लोक असल्यामुळे मैदानावरची भाषा मोडकीतोडकी इंग्रजी होती, आणि चेंडू घ्यायला निघालेल्या गोलरक्षकाने ‘कीपर’ असे ओरडावे असा नियम होता. विल्मारने आठवून पाहिले. ‘कीपर’ हा शब्द त्याने ऐकला नव्हता. काय ऐकले होते, हे त्याला सांगता येईना. येणाऱ्या माणसाने ‘येतो’ म्हटल्याची फक्त खात्री होती.

“म्हणजे भास,” तार्मो म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता. निदान सांगावे तसे त्याने ते सांगितले.

विल्मारचे वय चौतीस होते. पाठीवरचा आकडा तेहतीस होता. उरुग्वेतल्या ज्या गावी तो जन्मला, त्या गावाचे नावच ‘त्रेइंता इ त्रेस’, म्हणजे तेहतीस, असे आहे, आणि म्हणून सतरा वर्षांत सहा देशांत त्याने हाच आकडा मागून घेतला होता. कल्लिओलाहतीच्या बंदरावरच्या लोकांना हे ठाऊक नसल्यामुळे, शर्टावर वय लिहिले आहे आणि यंदा ते बदलायचे राहून गेले, असा विनोद तिथे चाले. माँतेव्हिदेओ, पोर्तुगाल, बेल्जियम, सायप्रस, डेन्मार्क आणि आता फिनलंड: एक सायप्रस सोडले, तर प्रत्येक बदलात तो नकाशावर थोडा वर आणि क्रमवारीत थोडा खाली सरकला होता. तिसाव्या वर्षी डाव्या गुडघ्यातली कूर्चा काढली तेव्हाच पायांचा वेग गेला. त्यानंतरची चार वर्षे तो एकाच गोष्टीवर खेळला होता. चेंडू कुठे पडणार, कोण धावणार आणि कोण नाही, हे त्याला इतरांपेक्षा अर्धा सेकंद आधी कळे. चार वर्षे त्याची नोकरी या अर्ध्या सेकंदावर चालली होती.

सामन्यानंतर प्रशिक्षक राइमोने त्याला खोलीत बोलावले. राइमो वीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवून मग या कामात आला होता. विल्मार त्याला आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ‘प्रोफे’, म्हणजे मास्तर, म्हणे. इतर लोक प्रशिक्षकाला नावाने हाक मारत, त्यामुळे हा मान राइमोला थोडा अवघड वाटे आणि थोडा आवडेही.

“पुढचा सामना नीलो खेळेल,” राइमो म्हणाला. नीलो वीस वर्षांचा, उंच आणि वेगवान होता, आणि चेंडूखेरीज दुसरे काही त्याला दिसत नसे.

“आणि मी?”

“तू बाकावर. तुझा करार ऑक्टोबरपर्यंत आहे. पुढे ठेवायचं की नाही, हे तेव्हा बघू.” राइमोने चष्मा पुसला. “पाय गेले तर बचावपटूला वाचवता येतं, विल्मार. अंदाज गेला तर नाही.”

“अंदाज गेलेला नाही, प्रोफे.”

“असं ज्याचा गेला तोही म्हणतो. हीच तर अडचण आहे.”

या युक्तिवादात विल्मारला खोट सापडेना, म्हणून त्याला तो जास्त लागला. फोनवर बायकोने, माबेलने, सरळ विचारले, “परत येतोस का? इथे मुलं शिकवायचं काम आहेच.” तो म्हणाला, “अंदाज गेला असेल तर मी स्वतःहून बूट काढून ठेवीन. पण आधी मला कळलं पाहिजे. कुणीतरी म्हणतं म्हणून नाही.”

पुढचे सोळा दिवस त्याने शोधण्यात घालवले. चित्रफीत अठ्ठावीस वेळा पाहिली. तिच्यात समालोचकाचा आवाज होता, मैदानावरचा नव्हता. कान तपासून घेतले. ते बावीस वर्षांच्या माणसाचे असावेत तसे निघाले. त्याने मधल्या फळीतल्या खेळाडूंना विचारले. कुणी काही ऐकले नव्हते, किंवा जे ऐकले ते सांगण्याजोगे नव्हते.

उत्तर मिळाले ते ऑगस्टच्या दोन तारखेला, कपड्यांच्या खोलीत, कॉफीच्या वेळी. ही खोली सिर्काची. ती एकसष्ट वर्षांची होती. संघाचे शर्ट धुणे, शिवणे आणि मोजून परत घेणे हे तिचे काम, आणि सत्तावीस वर्षांत तिचा एकही शर्ट हरवला नव्हता. विल्मार काखेत थर्मास आणि हातात ‘माते’ या उरुग्वेतल्या पेयाचा पोकळ भोपळा घेऊन दारात उभा होता. भोपळ्यातल्या त्या कडू पाल्याच्या काढ्याला सिर्का ‘गवताचा चहा’ म्हणे.

“आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा,” ती कॉफी ओतता ओतता म्हणाली. “दार अडवून गवत चोखू नकोस.”

“दोन्या सिर्का, तुम्हीसुद्धा एकदा चाखून बघा.” ‘दोन्या’ म्हणजे त्याच्याकडे वडीलधाऱ्या स्त्रीला मानाने म्हणायचे ‘बाई’.

“मला ‘तुम्ही’ म्हणू नकोस, शंभर वर्षांची झाल्यासारखं वाटतं. आणि ते ‘दोन्या’ काय असतं ते—” कप भरून वाहिला, कॉफी धुतलेल्या मोज्यांवर सांडली, आणि सिर्का म्हणाली, “वोय!”

विल्मार बाजूला झाला.

मागून कुणीही येत नव्हते. बोळ मोकळा होता. तरी तो दारातून एक पाऊल डावीकडे सरकून, भिंतीला पाठ लावून, वाट देऊन उभा होता. सिर्काने मोजे बाजूला घेतले आणि त्याच्याकडे पाहिले.

“कोण आलं?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“कधी?”

“आत्ता. कॉफी सांडली तेव्हा.”

“काहीच नाही म्हणाले.”

“म्हणालात. ‘वोय’ म्हणालात.”

“ते काय म्हणणं झालं होय?” सिर्का म्हणाली. “ते आपोआप येतं.”

फिनलंडमध्ये कॉफी सांडली, बस चुकली, शेजाऱ्याचा कुत्रा मेला किंवा हवामान खात्याने पुन्हा पाऊस सांगितला, की माणूस ‘वोय’ म्हणतो. आपल्या ‘अरेरे’चे जे काम, तेच त्याचे. विल्मारने हा आवाज सहा महिने दुकानांत, बसथांब्यांवर, दवाखान्यात ऐकला होता, आणि नळाचा आवाज ऐकू येतो पण ऐकला जात नाही, तसा तो त्याच्या कानांवरून गेला होता. मैदानावर तो कधी आला नव्हता, कारण जूनअखेरपर्यंत गोलमध्ये एक क्रोएशियन होता. त्याचा खांदा निखळला तेव्हा तार्मोला जागा मिळाली, आणि सतरा जुलैचा सामना तार्मोचा तिसरा होता.

उरुग्वेत मात्र गोलरक्षक चेंडू घ्यायला निघाला की ‘वोय’ असे ओरडतो. शब्दशः त्याचा अर्थ ‘जातो’. पण आपण निरोप घेऊन जातानाही ‘येतो’ म्हणतो, तसा तो दोन्ही दिशांना चालतो. अर्थ इतकाच की बाजूला हो, मी निघालो. विल्मारने हा शब्द सहाव्या वर्षी, त्रेइंता इ त्रेसच्या लाल मातीवर, प्रथम ऐकला. त्यानंतर त्याचा मेंदू त्या शब्दावर विचार करीत नसे. पायच करीत. लिहिताना दोन्ही भाषांत शेवटचे अक्षर वेगळे पडते; पण मागून येणाऱ्या आवाजाला स्पेलिंग नसते.

तार्मोचा पाय घसरला होता. त्याने ‘अरेरे’ म्हटले होते. विल्मारने ‘येतो’ ऐकले होते.

तो तसाच राइमोकडे गेला. राइमोने सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे गोल व्याकरणामुळे झाला.”

“प्रोफे, मी थट्टा करत नाही.”

“मीही नाही. कल्पना सुंदर आहे. सुंदर कल्पनांची मला भीती वाटते. तुझ्याजवळ नमुना किती? एक गोल आणि एक कप कॉफी. तार्मो तर म्हणतो, त्याने तोंडच उघडलं नाही.”

“तर मग चाळीस चेंडू टाका. गोलच्या मागे फोन ठेवून आवाज घ्या. तार्मोला कशासाठी ते सांगू नका.”

राइमोने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. शाळेत असा विद्यार्थी त्याला फार वेळा मिळाला नसावा. “साठ टाकू,” तो म्हणाला.

साठ चेंडू टाकले गेले. तार्मोने त्रेचाळीस वेळा ‘कीपर’ म्हटले, आठ वेळा काहीच म्हटले नाही आणि नऊ वेळा ‘वोय’ म्हटले. नऊच्या नऊ वेळा चेंडू त्याच्या हाती लागला नव्हता. राइमोने खोलीत तिघांसमोर ते आवाज एकामागून एक ऐकवले. तार्मो कानांपर्यंत लाल झाला.

“हा मी नाही.”

“मग कोण?” सिर्काने विचारले. “तुझी आजी?”

तार्मोने थोडा विचार केला. “आजी अगदी असंच म्हणते,” तो म्हणाला.

राइमोने कागदावर नऊ हा आकडा लिहून त्याभोवती वर्तुळ काढले. “ठीक आहे. अंदाज शाबूत आहे, हे मान्य. पण आपलं आता काय करायचं? नीलो सामने खेळतोय, आणि बरे खेळतोय. हा दर सातव्या चेंडूला आजी होतो, आणि तू आजीचं ऐकून बाजूला होतोस. कारण कळलं म्हणून रोग बरा होत नाही.”

“मला ऑक्टोबरपर्यंत वेळ द्या,” विल्मार म्हणाला.

तार्मोने उसासा टाकायचा नाही असे ठरवून पाहिले. चार दिवसांत त्याचे ‘वोय’ कमी झाले नाहीत, फक्त जास्त दुःखी झाले. तेव्हा बदलायचे ते आपण, असे विल्मारने ठरवले. सराव संपला की तो थांबे. सिर्का गोलच्या मागे खुर्ची टाकून बसे, मांडीवर शिवण असे, आणि चेंडूफेक यंत्रातून उंच चेंडू सुटला की ती कधी ‘कीपर’ म्हणे, कधी ‘वोय’ म्हणे. ‘कीपर’ म्हटले तर त्याने सोडायचे. ‘वोय’ म्हटले तर डोक्याने मारायचे. पहिल्या दिवशी वीस ‘वोय’पैकी चौदांना तो बाजूला झाला.

“गाढवा, मी नाही येत!” सिर्का ओरडली. “एकसष्ट वर्षांची बाई सुई टाकून चेंडू घ्यायला येईल का?”

“पुन्हा.”

“कपाळ बघ तुझं. आज पुरे.”

“पुन्हा, दोन्या सिर्का.”

एका आठवड्याने चौदाचे नऊ झाले, दोन आठवड्यांनी पाच. मग ते तिथेच अडकले आणि आठ दिवस हलले नाहीत. अठ्ठावीस वर्षे पायांना लावलेली सवय कान उपटून निघत नाही, हे त्याला दिसत होते. पण किती वेळ लागेल हे कुणी मोजलेले नव्हते, म्हणून अशक्य म्हणायलाही आधार नव्हता. तो रोज साठ चेंडू घेत राहिला. माबेलला तो म्हणाला की फोनवरसुद्धा तो शब्द उच्चारू नकोस. ती म्हणाली, “मग घरी कधी येतोस ते तरी कसं सांगणार तू?” सप्टेंबरच्या अखेरीस आकडा शून्यावर आला आणि सलग पाच दिवस शून्यावर राहिला. ‘वोय’ म्हटले की आता त्याचे पाय पुढे जात.

त्याच आठवड्यात राइमोने त्याला सरावाच्या सामन्यात तार्मोपुढे उभे केले. दहाव्या मिनिटाला उंच चेंडू आला. मागून तार्मोचा आवाज आला, खणखणीत आणि स्पष्ट: “वोय!” विल्मार झेपावला. त्याच क्षणी तार्मोही पूर्ण वेगाने झेपावला. कपाळ भुवईवर आदळले आणि दोघे कृत्रिम गवतावर आडवे पडले. चेंडू त्यांच्यामधून गोलमध्ये गेला.

“मी ‘वोय’ म्हणालो ना!” तार्मो भुवई दाबत ओरडला. बोटांतून रक्त येत होते.

“म्हणालास म्हणूनच तर गेलो!”

“अरे, ते तुझ्या भाषेतलं होतं! येतो म्हणालो मी! दोन आठवडे पाठ करतोय!”

विल्मार उठून बसला. “माझ्या भाषेतलं? दीड महिना मरमरून ती भाषा मी कानातून काढली! मी तुझ्या भाषेत ऐकतोय!”

“मला सांगायचं होतंस.”

“तू मला सांगायचं होतंस.”

“मला तुला चकित करायचं होतं,” तार्मो म्हणाला.

हे ऐकून राइमोने शिट्टी तोंडातून काढली आणि पाठ फिरवून काही वेळ समुद्राकडे पाहिले. वळला तेव्हा त्याचा चेहरा सरळ होता.

“दोघंही ऐका. तुमचा हा शब्द दूषित झालाय. आता त्यात काहीच विरघळणार नाही. फेकून द्या. तार्मो, यायचं असेल तर ‘मुन’ म्हण.” ‘मुन’ म्हणजे ‘माझा’. “विल्मार, ‘मुन’ला तुझ्या भाषेत काही अर्थ आहे?”

“नाही, प्रोफे.”

“छान. ‘मुन’ ऐकलं तर सोड. दुसरं काहीही ऐकलंस—”

“तर चेंडू माझा,” विल्मार म्हणाला. “वोय, कीपर, शिंक, शांतता, काहीही. स्पष्ट ‘मुन’ नसेल तर माझा.”

“त्यासाठी तुला धावावं लागेल,” राइमो म्हणाला. “दर वेळी. उसन्या गुडघ्यावर.”

“धावीन.”

नियम सोपा होता, आणि त्यात विल्मारचे नुकसान होते. आजवर शंका आली की तो मागच्या आवाजावर भरवसा टाकत असे आणि दोन पावले वाचवत असे. आता शंकेची प्रत्येक जागा त्याच्या पायांवर पडणार होती. पण अर्ध्या सेकंदाचा अंदाज शाबूत असेल, तर तो याच कामासाठी होता.

हंगामाचा शेवटचा सामना एकोणीस ऑक्टोबरला घरच्या मैदानावर होता. वरच्या गटात टिकायला एक गुण, म्हणजे बरोबरी, पुरेशी होती. नीलोला पिवळ्या कार्डांमुळे खेळता येणार नव्हते. राइमोने यादी वाचताना तेहतीस हा आकडा इतर आकड्यांसारखाच वाचला. बाहेर पडताना मात्र तो विल्मारपाशी थांबला. “आज मला तुझ्याबद्दल ठरवायचंय,” तो म्हणाला. “हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो.”

“बरं केलंत, प्रोफे.”

पाऊस आणि बर्फ यांच्यामधले काहीतरी तिरपे पडत होते. पहिल्या अर्ध्यात विल्मार अकरा वेळा धावला, त्यांतल्या चार वेळा उगाचच. तार्मो आधीच चेंडूवर होता आणि फक्त बोलायला विसरला होता. “मुन म्हण!” तो प्रत्येक वेळी ओरडला. उत्तरार्धात तार्मो प्रत्येक चेंडूला ‘मुन’ म्हणू लागला, एकदा तर फेकीच्या चेंडूलाही. सत्तराव्या मिनिटापासून विल्मारचा डावा गुडघा जिना उतरताना वाजतो तसा वाजायला लागला. गोलफलक शून्य-शून्य होता.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला. उंच होता, आणि ओला असल्यामुळे जड. विल्मारला तो कुठे पडणार ते दिसले: गोलरेषेपासून सहा मीटरवर, तार्मोच्या वाटेत. चेंडू गोलरक्षकाचाच होता. तार्मो निघाला, उजवा पाय पुढे गेला, डावा गवतावरून सरकला, आणि मागून आवाज आला.

“वोय!”

तो सहा वर्षांचा असतानाचा आवाज होता, लाल मातीवरचा. पाय एक क्षण, कदाचित एका सेकंदाचा दहावा भाग, थबकले. इतके उरले होते, आणि बहुधा जन्मभर उरणार होते. ‘मुन’ नव्हते. विल्मार धावला. प्रतिस्पर्ध्याचा आघाडीपटू चेंडूकडे झेपावत होता, आणि त्याचे डोके पोचले त्याच्या आधी विल्मारचे पोचले. चेंडू आडव्या खांबावरून बाहेर गेला. विल्मार चेंडूमागे गेला, गोलखांबाला खांद्याने भिडला आणि खाली पडला. काहीतरी कोरडी काटकी मोडावी तसे मोडले, आणि ते आपल्या आतले आहे हे त्याला लगेच कळले.

त्याने डोळे मिटले. तोंडातून आपोआप बाहेर पडले, “वोय.”

तार्मो चिखलातून रांगत त्याच्यापर्यंत आला होता. “कुठे निघालास?” तो म्हणाला. “झोपून राहा.”

उरलेली मिनिटे विल्मारने बाकावर, हात छातीशी बांधून, पाहिली. कॉर्नर वाया गेला. त्यानंतर आणखी एक आला. तार्मो ‘मुन’ म्हणून असा ओरडला की बंदरावरही ऐकू गेले असावे, आणि त्याने चेंडू पोटाशी धरला. शून्य-शून्य.

कपड्यांच्या खोलीत डॉक्टरने दोन बोटांनी हाड चाचपले. “गळ्याखालचं हाड. साधा मोड आहे. आठ आठवडे.”

राइमो दारात उभा होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि पेन्सिलीने रविवार मोजले. “पूर्वतयारी बारा जानेवारीला सुरू होते,” तो म्हणाला. “म्हणजे बारा आठवडे. चार हातात राहतात.”

विल्मारला समजायला थोडा वेळ लागला. मग तो सरळ बसायला गेला, खांद्यातून कळ आली, आणि तो म्हणाला, “वोय.”

“हे दुखतंय म्हणून,” राइमोने विचारले, “की येतो म्हणून?”

“दोन्ही, प्रोफे.”

राइमोने मान हलवली आणि गेला. डॉक्टरने कात्री उचलली, कारण शर्ट डोक्यावरून काढता येण्यासारखा नव्हता.

“थांब,” सिर्का पुढे होत म्हणाली. “आकड्याला हात लावायचा नाही. बाहीच्या शिवणीवरून काप, सरळ काप. मला तो जानेवारीत परत शिवायचाय.”